दुष्काळाचं पारायण

डायलिसिसच्या वॉर्डात माणसं तेच ते पुन्हा वाचतात. चार तास एका हातात दोन सुया असतात. तो हात हलवायचा नाही, म्हणून दुसऱ्या हातात मावेल आणि त्याच हाताच्या अंगठ्याने पान उलटता येईल असंच पुस्तक चालतं. शिवाय मन थाऱ्यावर नसतं, नवं काही डोक्यात शिरत नाही. मिरजेत मी हे काम तरुणपणापासून करते आहे आणि कुणाच्या उशाशी काय असतं हे मला न बघता सांगता येईल. खिडकीकडच्या वहिनी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचतात, बाकीचे तेरा त्या उघडत नाहीत. एक काका गजानन विजय वाचतात, एका बसण्यात सात अध्याय, म्हणजे तिसऱ्या डायलिसिसला एकवीस पुरे होतात. एक चाचा डोळे मिटून यासीन म्हणतात, त्यांना पुस्तक लागत नाही. मिशनच्या आवारात वाढलेली एक मावशी स्तोत्रसंहिता आणते, तिची पानं कडेला काळी पडली आहेत.

मी बनगरवाडी वाचते. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ साली आलेली छोटीशी कादंबरी. ड्यूटीच्या पिशवीत डब्याखाली ती असतेच, पण एरवी मी तिला हात लावत नाही. ताण वाढला की ती बाहेर निघते. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं, धोक्याची पातळी तिथे ४५ फुटांची आहे. आमचे पेशंट नावेतून, ट्रॅक्टरमधून, मिळेल त्या वाटेने मिरजेला येत होते. ज्याचं डायलिसिस आज आहे त्याला परवावर ढकलता येत नाही, अंगात पाणी साठून श्वास लागतो. कोण पोचलं, कोण अडकलं याची यादी घेऊन आम्ही फोनवर बसलेलो असायचो आणि रात्री मी बनगरवाडी वाचत असायचे. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतही तीच. तेव्हा ऑक्सिजनची गाडी कधी येणार एवढाच विषय सगळ्यांच्या तोंडी होता. पीपीई किट काढून, डोक्यावरून पाणी घेऊन घरी आले की वर्तमानपत्रही वाचवत नव्हतं. कुणीतरी वाढदिवसाला दिलेली नवी कादंबरी मी तीनचार पानांवर ठेवून दिली. नवं पुस्तक वाचायचं म्हणजे पुढचं काही माहीत नसताना त्याच्यामागे जायचं, आणि ज्याचं पुढचं माहीत नाही असं दिवसभरात पुष्कळ झालेलं असायचं.

पोथी वाचणाऱ्याला ‘पुन्हा तेच का?’ असं कुणी विचारत नाही. कादंबरी वाचणाऱ्याला विचारतात. मला हा प्रश्न समोरासमोर आणि नीट विचारला तो आमच्या सरांनी. सर हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. डायलिसिसला त्यांचा मंगळवार आणि शुक्रवार, सकाळची पाळी. ज्ञानेश्वरीचा ग्रंथ एका हातात पेलत नाही म्हणून त्यांनी अध्याय सुटे करून बारीक बारीक वह्यांसारखे बांधून घेतले आहेत आणि ज्या अध्यायावर असतील तेवढाच घेऊन येतात. त्यांनी एकदा माझ्या टेबलावरचं पुस्तक पाहिलं.

“सिस्टर, ही गोष्ट मला माहीत आहे,” ते म्हणाले. “वाचलेली नाही, पण सिनेमा बघितला होता, अमोल पालेकरांचा. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. अहो, इथे दिवसभर तुम्ही माणसं जाताना बघता. मग घरी जाऊन पुन्हा तेच? यात विसावा कुठे आला?”

मी म्हटलं, “विसावा असतो सर. कुठे असतो ते विचार करून सांगते.”

त्यावर आमचं बोलणं कितीतरी मंगळवार-शुक्रवार चाललं. हा लेख त्या बोलण्यातून आलेला आहे आणि त्यातली शास्त्रार्थाची बाजू सगळी सरांची आहे.

कादंबरी ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर एक कोवळा मास्तर रुजू होतो. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागे. म्हातारा कारभारी त्याला हळूहळू जवळ करतो. कारभाऱ्याची लेक अंजी, मास्तरच्या सोबतीला असणारा आयबू, आनंदा रामोशी अशी एकेक माणसं त्याच्या आयुष्यात येतात. मास्तर वाडीकडून तालीम बांधून घेतो. पैसा नाही, पण सगळी वाडी अंगमेहनत करते, आणि तिच्या उद्‌घाटनाला खुद्द राजा येतो. मग कारभारी मरतो. मग पाऊस येत नाही. मेंढरं मरायला लागतात, घरं एकेक करून रिकामी होतात, शाळेत मुलंच उरत नाहीत, आणि मास्तर निघून जातो. एवढंच. खलनायक नाही, पाठलाग नाही, रहस्य नाही.

माझं माहेर आटपाडी तालुक्यातलं, धनगराचंच घर. आटपाडी हे त्या काळी औंध संस्थानातच होतं आणि माडगूळ, जिथे माडगूळकर १९२७ साली जन्मले, ते आमच्याच तालुक्यात. १९७२च्या दुष्काळात मी अंगावरची होते. आईने मला झाडाखाली घोंगड्यावर ठेवून रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि त्या कामावर मिळणारी सुकडी खाल्ली. आजोबांची मेंढरं त्याच साली गेली. घरात ती गोष्ट कुणी रंगवून सांगत नसे. ‘त्या साली मेंढरं गेली’ एवढंच म्हणायचे आणि विषय बदलायचा. पुढे मिरजेला नर्सिंगला आले तेव्हा होस्टेलच्या कपाटात मला बनगरवाडी सापडली, आणि आमच्या घरात जे एका वाक्यात संपायचं ते मला पहिल्यांदा सावकाश, क्रमाने, माणसांच्या नावांसकट वाचायला मिळालं.

तेव्हा कुणी जर म्हणत असेल की अवघड काळात आवडतं पुस्तक उघडणं म्हणजे तोंड लपवणं, तर माझ्यापुरतं तरी ते मला पटत नाही. लपायचंच असतं तर मी भरल्या नदीकाठचं एखादं गाव निवडलं असतं. दुष्काळात शिरून कोण लपतं? आणि आमच्या वॉर्डात तर पाण्याचा विषय क्षणभर डोक्यातून जात नाही. एका डायलिसिसला मशीनमधून सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी जातं. त्याच खाटेवरच्या माणसाला मात्र दिवसभरात लघवीला जेवढं होईल तेवढं अधिक अर्धा लिटर, इतकंच पाणी प्यायची मुभा असते. ज्यांची लघवी बंद झाली त्यांच्यासाठी अर्धा लिटरच, आणि त्यात चहा, आमटी, ताक सगळं आलं. उन्हाळ्यात हे लोक बर्फाचा खडा जिभेवर धरून बसतात. आईला मी एकदा १२० लिटरचा आकडा सांगितला. ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “येका मान्साला?” तिच्या डोळ्यांपुढे विहिरीवरच्या खेपा असणार. पुराच्या त्या ऑगस्टमध्ये सांगली पाण्यात होती आणि त्याच जिल्ह्यात, आमच्या आटपाडीकडे, जनावरं चारा छावणीत होती. आमच्या जिल्ह्यात हे असं एकाच वेळी असतं.

सरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि मला मीमांसकांचा एक भेद सांगितला. काही कर्मं अदृष्टार्थ असतात. त्यांचं फळ डोळ्यांना दिसत नाही, शास्त्राने सांगितलं म्हणून ती करायची. काही दृष्टार्थ असतात, त्यांचं फळ समोर दिसतं. अदृष्टार्थ कर्म सांगितलं तेवढंच करावं, जास्त वेळा केलं म्हणून जास्त काही मिळत नाही. दृष्टार्थ कर्म मात्र फळ दिसेपर्यंत करायचं. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाचं पहिलंच सूत्र पुन्हा पुन्हा करण्याबद्दल आहे, आणि शंकराचार्यांनी तिथे आधी विरुद्ध बाजू मांडली आहे. यज्ञातल्या काही आहुती एकदा दिल्या की झालं, तसं आत्म्याबद्दल एकदा ऐकलं, एकदा विचार केला की पुरे, पुन्हा कशाला? त्यावर आचार्यांचं उत्तर असं की श्रवण-मनन हे भात कांडण्याच्या जातीचं आहे. तांदूळ मोकळा होईपर्यंत कांडायचं. कुणाचा एका घावात होत असेल तर त्याला दुसऱ्याची गरज नाही. ज्याचा होत नाही त्याने पुन्हा घाव घालायचा, त्यात कमीपणा काही नाही. आणि छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, एकच गोष्ट नऊ वेळा सांगतो. मुलगा दर वेळी म्हणतो, पुन्हा सांगा. बाप दर वेळी नवा दाखला देऊन तेच सांगतो.

“तुमचं पारायण दृष्टार्थ दिसतं,” सर म्हणाले. “आता सांगा, यातला कोंडा कोणता?”

हा प्रश्न मी घरी घेऊन गेले. उत्तर मला आईमुळे मिळालं.

२०२०च्या टाळेबंदीत आई मिरजेला माझ्याकडे होती. तिला वाचता येत नाही. दिवे लावल्यावर मी तिला बनगरवाडी वाचून दाखवायचे. आमच्याकडे श्रावणात देवळात श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप नाहीतर हरिविजय लावायचे, एक जण वाचणार आणि सगळं गाव ऐकणार. तशी ऐकायची सवय तिच्या कानाला आहे. त्या पोथ्यांमध्ये पुढे काय होणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असायचं, तरी अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला की बायका पदर डोळ्याला लावायच्या. मला लहानपणी याचं नवल वाटायचं.

कादंबरीत शेकू नावाचा एक गडी आहे. नांगरटीची वेळ येते तेव्हा त्याच्याकडे बैलांची जोडी पुरी होत नाही. तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी उभी राहते, जू खांद्यावर घेते, आणि रान नांगरून होतं. होस्टेलमध्ये वाचलं तेव्हा मला धक्का बसला होता, हे खरं. पण मी थांबले नाही. तालीम होते का, कारभारी मास्तरवर रुसतो त्याचं काय होतं, अंजीचं काय होतं, हे मला बघायचं होतं. तिच्या खांद्यावरून माझी नजर पुढच्या पानावर गेली. आईने मात्र मला तिथे थांबवलं.

“तिच्या खांद्याला त्याल लावलं का कुनी?”

मी म्हटलं, आई, पुढे ऐक.

“न्हाई, आदी सांग. रातच्याला खांदं सुजलं आसंल तिचं. जू घासतंय. कातडं जातंय बग हितलं.” आणि तिने माझ्या मानेच्या मागे, खांदा सुरू होतो तिथे, दोन बोटं ठेवून मला जागा दाखवली. मग स्वतःच म्हणाली, “लावलं आसंल तिनं तिचीच. त्यो काय लावतोय.”

त्यानंतर पुन्हा कधी वाचून दाखवलं तरी आई तिथेच थांबते. गोष्ट तिला सगळी माहीत आहे. वाडी उठणार आहे, ते नांगरलेलं रानही वाया जाणार आहे, हे ठाऊक असताना ती त्या बाईच्या खांद्यापाशी थांबते. पुढचं ठाऊक आहे म्हणूनच तिला थांबायला सवड आहे, हे अशाच एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं.

शुक्रवारी मी सरांना सांगितलं, कोंडा म्हणजे ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न. पहिल्या वाचनात सगळा जीव त्याच्यात असतो. माणसं दिसतात, पण त्या प्रश्नाच्या आडून दिसतात. पुन्हा वाचताना तो प्रश्न गळून पडतो आणि मग शेकूची बायको, तिचा खांदा, कारभाऱ्याचं मास्तरशी बोलणं, पोरांनी पहिल्यांदा हातात धरलेली पाटी, हे दिसायला लागतं. माझ्या पेशंटांना त्रास सुयांचा फार नसतो, त्या अंगवळणी पडतात. त्रास असतो तो याच प्रश्नाचा. नवा माणूस पहिल्या दिवशी खाटेवर पडला की विचारतो, “सिस्टर, किती दिवस करायचं हे?” किडन्या कायमच्या निकामी झाल्या असतील तर खरं उत्तर, दुसरी किडनी मिळेपर्यंत, नाहीतर कायम, असं आहे. ते डॉक्टर सांगतात. मी म्हणते, आज चार तास. त्या माणसाला चार तासांतलं काही म्हणजे काही दिसत नसतं, त्याचे डोळे पुढच्या वर्षांवर लागलेले असतात. माझेही पुढे २०२१च्या एप्रिल-मेमध्ये तसेच झाले. उद्या कोण येणार नाही, एवढंच मी मोजत होते आणि आज समोर असलेल्याचं बोलणं माझ्या कानावरून जात होतं. रात्री घटकाभर बनगरवाडीत गेलं की तो हिशेब थांबायचा, आणि सकाळी वहिनींचा हात हातात घेऊन, जिथे सुया टोचतात त्या फिस्टुलावर बोटं ठेवली की आतली थरथर मला पुन्हा नीट लागायची. मला दिलासा म्हणायचं आहे ते याला. मन रमलं असं मी म्हणणार नाही. मन जागेवर आलं.

सरांनी यावर अभिनवगुप्ताचं मत पुढे ठेवलं. हजार वर्षांपूर्वी काश्मिरात बसून त्याने भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिली, आणि शाकुंतलात दुष्यंताच्या रथापुढे जिवाच्या आकांताने पळणाऱ्या हरणाचा दाखला घेतला. ते हरीण बघताना आपल्याला भय जाणवतं, पण ते ‘मला भय वाटतं आहे’ असं नसतं, ‘त्या अमक्याला वाटतं आहे’ असंही नसतं. भय तेवढं उरतं, त्याचा मालक कुणी नसतो, ना स्थळ ना काळ. म्हणून ते आपल्याला भाजत नाही, त्याचा रस होतो. सरांचं म्हणणं, तुमचा दुष्काळही असाच कुणाचा नसलेला दुष्काळ आहे, म्हणून तो सोसवतो.

मला हे पटलं नाही, आणि अजूनही पटत नाही. दिल्लीतल्या कुणी भाषांतरातून वाचलं तर कदाचित तसं होत असेल. माझ्यासाठी तो दुष्काळ कुणाचा तरी आहे. तो माझ्या आजोबांचा आहे, त्याची जमीन मला ठाऊक आहे, ती माणसं आमच्या घरच्या बोलीत बोलतात. तो मला भाजतो. भाजतो म्हणून तर आई खांदा दाखवते. विसावा मिळतो तो दुःख परकं झाल्यामुळे मिळत असेल असं मला वाटत नाही. आमच्या घरात जे एका वाक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं, ते कुणीतरी न घाईने, आवाज न चढवता, एकाही माणसाला लहान न करता सांगितलं, यातून तो मिळतो. सर म्हणाले, याला अभिनवगुप्ताकडे उत्तर असेल. असेल. मी माझं सांगितलं.

एक फरक मला पोथी आणि कादंबरीत पहिल्यापासून दिसत होता. पोथीला फलश्रुती असते. हा ग्रंथ वाचणाऱ्याला काय मिळेल ते शेवटी सांगितलेलं असतं. निपुत्रिकाला पुत्र, रोग्याला आरोग्य, निर्धनाला धन. वहिनी अकरावा अध्याय वाचतात त्यामागे हा विश्वास आहे आणि तो मला मोलाचा वाटतो, कारण वाचून झालं की त्यांचं ब्लड प्रेशर खरंच उतरलेलं मी मशीनवर बघते. बनगरवाडी मात्र काहीच कबूल करत नाही. तिच्यात मास्तरने इतकं केलं, वाडीने इतकं केलं, तालीम उभी राहिली, राजा येऊन गेला, तरी आभाळाने त्याची दखल घेतली नाही. ज्या पुस्तकाने मला काही द्यायचं कबूल केलेलं नाही त्याच्यावर मी राग धरण्याचा प्रश्नच येत नाही. अवघड काळात मला ही गोष्ट फार जवळची वाटते. ज्या बायका नेमाने पारायणं करतात आणि तरी ज्यांचा माणूस जातो, त्यांना मी वॉर्डाच्या दारात उभं राहिलेलं पाहिलं आहे. त्यांच्या दुःखात एक जास्तीचा प्रश्न असतो, आपलं वाचताना काय चुकलं? तो प्रश्न त्यांच्या वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सरांच्या पत्नी दुसऱ्या लाटेत गेल्या. त्या सरांना आणायच्या, चार तास बाहेरच्या बाकावर बसायच्या, आणि परत न्यायच्या. त्यानंतर सर भाच्याबरोबर येऊ लागले. ज्ञानेश्वरीची ती सुटी वही हातात असायची, पण पान उलटत नसे. एका मंगळवारी मशीन लावून मी वळले तर त्यांनी थांबवलं.

“तुम्ही म्हणालात, पुढचं माहीत असलं की माणूस नीट दिसतो. मग देवाचं काय? त्याला सगळं आधी ठाऊक असतं म्हणतात. ज्याला शेवट ठाऊक आहे त्याला कळवळा कसा येईल? ठाऊक असलेल्या गोष्टीने कुणाचं काळीज हलतं का?”

हा प्रश्न त्यांनी शास्त्रार्थाच्या सुरात विचारला नव्हता. मी स्टूल ओढून बसले. मी त्यांना म्हटलं, देवाचं मला माहीत नाही, पण ठाऊक असल्याने काळीज हलायचं थांबत नाही, एवढं मी वाचणारी म्हणून सांगू शकते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कारभारी मला एक तिरसट म्हातारा वाटला होता. आता पहिल्या काही पानांत तो दिसला की माझ्या पोटात तुटतं, कारण तो जाणार आहे हे मला माहीत आहे. तो साधं काही बोलला तरी मी ते जपून ऐकते. आईला अभिमन्यूचं ठाऊक असतं म्हणूनच तो रथावर चढतो तेव्हापासून तिचे डोळे भरायला लागतात. वॉर्डातही तसंच आहे. नवख्या मुली येतात, त्यांना प्रत्येक पेशंट बरा होणार असं वाटतं, आणि त्या त्याच्याशी भराभर बोलून पुढे जातात. ज्यांनी पुष्कळ पाहिलं आहे त्या सावकाश बोलतात. काही जणी कोरड्या होतात, हेही खरं, पण त्या जाणल्यामुळे कोरड्या झाल्या असं मला वाटत नाही. जाणलेलं सोसवेना म्हणून त्यांनी बघणं सोडलेलं असतं. तेव्हा सगळं ठाऊक असलेला कुणी असेल, तर त्याला कळवळा नसेलच असं नाही. कदाचित त्यालाच तो पुरता असेल.

सर डोळे मिटून पडले होते. मग म्हणाले, “एक फरक सोडताय तुम्ही. तुम्ही वाडीवर पाऊस पाडू शकत नाही. तो पाडू शकतो.”

याच्यावर मला त्या दिवशी काही सुचलं नाही. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं हे मूळ आहे, आणि मोठमोठ्या आचार्यांनी कर्म, लीला, माया अशी उत्तरं दिली आहेत तीही याच जागी येऊन उभी राहतात. ती उत्तरं मला थोडीफार वाचून माहीत आहेत. त्यातलं कुठलंही मी त्या खाटेशी बसून बोलू शकले नसते.

शुक्रवारी सरांनीच पुन्हा काढलं. “वाचणाऱ्याचं सोडा. लिहिणारा तर पाडू शकत होता? तुमच्या माडगूळकरांनी शेवटी चार ओळी लिहिल्या असत्या तर मेघ आले असते, माणसं परतली असती.”

“लिहिल्या असत्या तर मी पुन्हा वाचली नसती,” मी म्हटलं. आणि हे बोलता बोलताच मला त्याचं कारण कळलं. शेवटी पाऊस आला असता तर आधीचं सगळं त्या पावसाची किंमत ठरलं असतं. शेकूच्या बायकोने जू ओढलं ते जणू कसोटीला उतरायला, आणि पास झाली म्हणून पाऊस मिळाला, असा त्याचा अर्थ झाला असता. मग ज्यांच्याकडे पाऊस आला नाही, त्या नापास? आमची आई खडी फोडून नापास? माडगूळकरांनी पाऊस पाडला नाही, म्हणून तिचं जू ओढणं तेवढंच राहिलं, दुसऱ्या कशाची पायरी झालं नाही. रान नांगरायचं होतं, बैल नव्हता, तिने ओढलं. त्या ओढण्याला पुढच्या फळाने मोठं केलेलं नाही, म्हणून पुढच्या दुष्काळाने ते लहानही होत नाही. तालमीचंही तसंच. ती बांधताना वाडी एक झाली होती, ते झालं. वाडी उठली म्हणून ते झालं नव्हतं असं होत नाही. २०२१मध्ये मला हे दर रात्री कुणीतरी सांगायला हवं होतं, कारण ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं जपलं ते लोक दोनचार दिवसांत जात होते आणि आपण केलेलं सगळं फुकट गेलं असं वाटत होतं.

सर उठून बसायला बघत होते. मी खाटेचा डोक्याकडचा भाग वर करून दिला.

“मग हाच न्याय देवाला लावा की,” ते म्हणाले. “त्यानेही पाऊस पाडला नाही तो याच कारणाने, असं म्हणा. प्रश्न सुटला.”

“नाही लावता येणार सर,” मी म्हटलं. “कादंबरीतल्या दुष्काळात खरं एकही मेंढरू मेलेलं नाही. माझ्या आजोबांची खरी मेली. लेखकाने पाऊस अडवला तर कुणाच्या घरात चूल बंद पडत नाही. म्हणून जे लेखकाला चालतं ते देवाला चालेल, असं मी नाही म्हणणार. माझं पुस्तक मला माणसं कशी बघायची ते शिकवतं. देवाने असं का केलं याचं ते काही सांगत नाही, आणि ते सांगतं असं मी कुणाला म्हटलं तर ते खोटं होईल.”

“म्हणजे तुमचा दिलासा देवाची बाजू मांडत नाही.”

“नाही मांडत.”

सर म्हणाले, हे ऐकून त्यांना बरं वाटलं. पत्नी गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांना देवाची बाजूच समजावून सांगत होता.